शेकर गावात कॅमेरा घेऊन जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर जवळ आला की मला त्याच त्या प्रश्नांचे निरोप येऊ लागतात. अल्बनी, बॉस्टन, न्यू जर्सीकडची मराठी मंडळी पानांचे रंग बघायला बर्कशरच्या डोंगरात जातात. वाटेत हॅनकॉकचं शेकर गाव लागतं, फोटो काढले जातात, आणि घरी आल्यावर "प्रत्यक्षात केवढं सुंदर होतं, फोटोत काहीच आलं नाही" अशी हळहळ कानावर येते. मी या गावांत पुष्कळदा गेले आहे आणि सुरुवातीला माझेही फोटो असेच फसले आहेत. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथे फक्त क्रमांक सांगितला आहे.

१. शेकर म्हणजे नक्की कोण? आमिश लोकांसारखेच का?

नाही, आणि फोटो काढणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यायला हवा. शेकर हा एक ख्रिस्ती पंथ. मँचेस्टरमध्ये १७३६ साली जन्मलेल्या अ‍ॅन ली १७७४ मध्ये आठ अनुयायांना घेऊन न्यूयॉर्कला आल्या आणि पुढे अल्बनीजवळ पंथाची पहिली वस्ती उभी राहिली. प्रार्थनेच्या वेळी अंग थरथरायचं, पुढे रीतसर नाचही बसवले गेले, त्यावरून शेकर हे नाव पडलं. आजन्म ब्रह्मचर्य, सगळी मालमत्ता सामाईक, युद्धाला विरोध, आणि कारभारात स्त्री-पुरुषांना बरोबरीचं स्थान, हे त्यांचे नियम. आमिश लोक लग्न करतात, त्यांची मोठी कुटुंबं आहेत आणि यंत्रांपासून ते जपून राहतात. शेकरांना यंत्रांचं वावडं नव्हतं. पाण्यावर चालणारी यंत्रं, पाकिटातलं बियाणं, चपटा झाडू, पुढे मोटारगाडीसुद्धा, काम नीट होत असेल तर त्यांना सगळं चालायचं.

ब्रह्मचर्यामुळे पंथ वाढायचा तो बाहेरून येणाऱ्या माणसांवर आणि सांभाळायला घेतलेल्या मुलांवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही हजार शेकर होते. आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे उरले आहेत, तेही मेन राज्यातल्या एकाच गावात (प्रश्न ११). बाकीची गावं आता संग्रहालयं आहेत.

२. एकच गाव बघायचं असेल तर कुठलं?

ईशान्येकडे राहत असाल तर मॅसॅच्युसेट्समध्ये पिट्सफील्डजवळचं हॅनकॉक. तिथे १८२६ चा गोल दगडी गोठा आहे, १८३० चं विटांचं मोठं निवासघर आहे, बागा आहेत, जनावरं आहेत, त्यामुळे मुलंही रमतात. १९६० मध्ये शेकरांची वस्ती संपली आणि गावाचं संग्रहालय झालं.

गर्दी नको असेल तर न्यू हॅम्पशरमधलं कँटरबरी. टेकडीवरचं गाव आहे, १७९२ चं बैठकघर (शेकरांची सामूहिक प्रार्थनेची इमारत) आजही मूळ जागी उभं आहे आणि तिथल्या शेवटच्या शेकर भगिनी १९९२ पर्यंत तिथेच राहत होत्या. दक्षिणेकडे असाल तर केंटकीतलं प्लेझंट हिल. चौतीस मूळ इमारती, तीन हजार एकरांचा परिसर, आणि जुन्या शेकर इमारतींतच मुक्कामाची सोय. फोटोंसाठी तो मुक्काम फार मोलाचा ठरतो, कारण दिवसाचे पाहुणे परतले की संध्याकाळ आणि पहाट तुमच्या वाट्याला येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबननला पंथाचं मुख्य ठाणं होतं. तिथला १८५९ चा प्रचंड दगडी गोठा १९७२ च्या आगीत जळाला आणि फक्त भिंती उरल्या. त्या उभ्या भिंती बघायला मी वाट वाकडी करून जाते.

३. कोणत्या महिन्यात आणि किती वाजता जावं?

सगळे ऑक्टोबर सांगतील. बर्कशरमध्ये साधारण महिन्याच्या मध्यावर पानं रंगतात आणि पांढऱ्या, पिवळ्या भिंतींमागे ती लाली फार खुलते. पण मला विचाराल तर एप्रिलची अखेर. झाडांना पानं नसतात, त्यामुळे इमारतींची ठेवण स्वच्छ दिसते, खिडक्यांतून येणारा उजेड कुठे अडत नाही आणि गोठ्यात नवी कोकरं असतात.

आतल्या खोल्यांसाठी सकाळी दार उघडल्यापासूनचा पहिला तास, बाहेरच्या इमारतींसाठी बंद व्हायच्या आधीचा शेवटचा. उत्तरेकडची गावं हिवाळ्यात बंद किंवा अर्धवट उघडी असतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघा.

४. आत फोटो काढू देतात का? फ्लॅश, ट्रायपॉड चालतो का?

संग्रहालय झालेल्या गावांत स्वतःसाठी, फ्लॅशशिवाय फोटो काढायला साधारणपणे हरकत नसते. ट्रायपॉडला मात्र आत बहुतेक ठिकाणी मनाई असते. त्याचे पाय जुन्या लाकडी जमिनीवर ओरखडे काढतात आणि अरुंद जिन्यात लोक अडखळतात. तिकीट घेतानाच विचारा, कारण एखाद्या प्रदर्शनापुरते नियम वेगळे असू शकतात.

फ्लॅशची परवानगी असली तरी मारू नका. या खोल्या खिडकीच्या उजेडात काम करण्यासाठीच बांधल्या होत्या. जिन्यात किंवा मधल्या भिंतीत आतल्या आत खिडक्या दिसतील, त्या शेजारच्या खोलीतला उजेड पुढे नेण्यासाठी ठेवलेल्या. फ्लॅशने ती सगळी योजनाच पुसली जाते. दाराच्या चौकटीला खांदा टेका, कोपर अंगाशी घट्ट धरा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) निःसंकोच वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील.

५. मोबाइल पुरतो का, की मोठा कॅमेरा न्यावा?

पुरतो. फक्त पडद्यावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी चालू ठेवा आणि मोबाइल अगदी सरळ उभा धरा. वाड्याची वाकलेली तुळई फोटोत तिरकी आली तर खपून जाते, शेकर खोलीत नाही. भिंतभर एका रेषेत गेलेली खुंट्यांची पट्टी, समान अंतरावरच्या खिडक्या, जोडीने उभी दारं, हे सगळं इतकं काटेकोर असतं की कॅमेरा जरा कलला की लगेच डोळ्याला टोचतं. अतिवाइड लेन्स टाळा. तिने खोली मोठी दिसते, पण कडेची खुर्ची ताणली जाते आणि तिचं प्रमाण बिघडतं. आणि ते प्रमाण हीच तर त्या सुताराची कमाई.

६. गोल गोठ्याचा फोटो नेहमी फसतो. खिडक्या पांढऱ्याफटक आणि मध्ये मिट्ट काळोख. काय करू?

आधी गोठा कसा चालायचा ते समजून घ्या, म्हणजे कुठे उभं राहायचं ते आपोआप कळेल. चाऱ्याच्या गाड्या बाहेरच्या चढावरून वरच्या मजल्यावर यायच्या, गोल फिरून त्याच दारातून बाहेर पडायच्या, त्यामुळे गाडी मागे घ्यावी लागत नसे. गवत मधल्या खोल जागेत टाकलं जायचं. खालच्या मजल्यावर पन्नासहून अधिक गाई त्या गवताकडे तोंड करून वर्तुळात बांधलेल्या असायच्या आणि शेण झडपांतून तळघरात ढकललं जायचं. चारा, दूध, खत, तिन्ही कामं एका छपराखाली आणि कमीत कमी पावलांत. मूळ गोठा १८६४ मध्ये जळाला. तो पुन्हा बांधल्यावर वर खिडक्यांचा मनोरा आला, आणि आज मधोमध जो उजेड उतरतो तो तिथूनच.

म्हणून उजेड मोजायचा तो मधल्या लाकडी सांगाड्यावर, भिंतीतल्या खिडक्यांवर नव्हे. मोबाइलवर सांगाड्यावर बोट दाबून धरा, उजेड तिथे स्थिरावला की किंचित कमी करा. खिडक्या थोड्या उजळतील, उजळू द्या. मोठा कॅमेरा असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, सावल्यांतलं बरंच परत मिळतं. वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहून खाली आणि पलीकडे बघत काढलात तर गोलाईही येते आणि काम कसं चालायचं तेही दिसतं. खाली उभं राहून थेट छपराकडे काढलेला फोटो सुंदर येतो, पण तो सगळ्यांकडे असतो आणि त्यात गाय कुठे उभी राहायची हे कुणालाच कळत नाही.

७. खोल्या रिकाम्या असतात, फोटो कंटाळवाणे येतात. नेमकं टिपायचं काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि मला तो सर्वांत जवळचा आहे.

शेकर खोली म्हटलं की जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, पांढरी भिंत, एक खुर्ची, एक झाडू, खिडकीतून तिरपा उजेड, ते पुष्कळसं कॅमेऱ्यानेच घडवलेलं आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत विल्यम विंटर यांनी काढलेल्या छायाचित्रांचा त्यात मोठा वाटा. संग्राहकांनी निवडलेल्या वस्तू विचारपूर्वक मांडून ते फोटो काढले गेले आणि त्यांनी जगाची नजर घडवली. फोटो फार सुरेख आहेत. पण हॅनकॉकच्या विटांच्या घरात शंभरेक माणसं राहायची. एकेका खोलीत अनेक खाटा असायच्या, खाली स्वयंपाकघरात भाकऱ्या नव्हेत तर पावांच्या राशी भाजल्या जायच्या, पहाटेपासून जिन्यांवर पावलं वाजायची. ही घरं रिकामी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर शेकरांनी फुलाफुलांचे भिंतकागद लावले, कुंड्या ठेवल्या. हॅनकॉकच्या कारभाऱ्यांच्या कचेरीला १८९५ मध्ये चक्क त्या काळच्या थाटाचं रूप दिलं. पाहुणे ती इमारत "शेकरांसारखी दिसत नाही" म्हणून सोडून देतात. तिचा फोटो जरूर काढा. तीही शेकरांनीच केली आहे.

तेव्हा रिकामेपण टिपायला जाऊ नका, वापर टिपा. खुंटीपासून सुरुवात करा. आपल्याकडे भिंतीत एखादी खुंटी असते, पगडीला नाहीतर पिशवीला. शेकरांनी ती सगळ्या घराभोवती फिरवली, डोक्याच्या थोडी वर, आणि झाडण्याच्या वेळी खुर्च्यासुद्धा त्यावर टांगल्या. उलट्या टांगायच्या, म्हणजे बैठकीवर धूळ बसत नाही. बैठकी नवारीसारख्या रंगीत पट्ट्यांनी विणलेल्या असतात, चौकटीची ती वीण जवळून घ्या. भिंतीतली फडताळं आणि खणांच्या ओळी बघा. न्यू हॅम्पशरमधल्या एनफील्डच्या सहा मजली दगडी निवासघरात असे शेकडो खण भिंतीतच बसवलेले आहेत. खणाचा फोटो समोरून काढलात तर ती नुसती नक्षी होते. बाजूने, मुठीवर उजेड पडेल असा काढलात तर हातांनी झिजलेली कड दिसते.

जिन्याच्या पायऱ्या बघा, दोन जिने, एक भावांचा आणि एक बहिणींचा, म्हणजे शेकर पुरुषांचा आणि स्त्रियांचा. जिना चढताना पहिलं पाऊल उजवं टाकायचं असा त्यांचा नियम होता. हे मला कळल्यापासून मी पहिली पायरी न बघता कधी पुढे गेले नाही. लंबगोल डबे असतील तर झाकणापेक्षा त्यांचा जोड बघा, हंसपुच्छासारखी कापलेली लाकडाची बोटं आणि त्यांत तांब्याचे बारीक खिळे. लोखंडी खिळा गंजतो आणि लाकडावर डाग पाडतो, म्हणून तांबं.

आणि एक सवय लावून घ्या. खोलीत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं कॅमेरा खाली. या खोलीत काय काम चालायचं हे स्वतःला सांगता आलं की मगच वर. माझ्या पहिल्या भेटीत मी तीनशेच्या वर फोटो काढले होते. त्यातले आज चार ठेवले आहेत, आणि चारही धुलाईघरातले.

८. बैठकघरातला निळा रंग फोटोत राखाडी किंवा जांभळा का येतो?

कारण कॅमेऱ्याला तो रंग चूक वाटतो. भरपूर निळं दिसलं की आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) त्यात पिवळा मिसळून ते "दुरुस्त" करतो. व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर पक्का करा, किंवा चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर मोजून घ्या.

हा निळा आवडीनिवडीचा नव्हता. १८४५ च्या नियमावलीत बैठकघर बाहेरून पांढरं आणि आतून निळसर असावं असं लिहिलेलं आहे. रस्त्याकडेच्या लाकडी इमारती फिक्या, गोठे गडद, हेही तिथेच ठरवलं आहे. मेनमधल्या सॅबथडे लेक या शेकर गावाच्या १७९४ च्या बैठकघरात मूळ निळा अजून टिकून आहे. हॅनकॉकचं आजचं बैठकघर मात्र मूळचं त्या गावचं नाही. जुनं १९३८ मध्ये पाडलं गेलं आणि १९६२ मध्ये शर्ली या दुसऱ्या शेकर गावातलं तशाच बांधणीचं बैठकघर आणून बसवलं. फोटोखाली ओळ लिहिताना हे लक्षात ठेवा. आत मधे खांब नाहीत तेही फोटोत येऊ द्या. नाचायला मोकळी जमीन हवी म्हणून सगळा भार छपराच्या कैचीवर घेतला आहे.

९. प्लेझंट हिलच्या जोडजिन्याचा फोटो सगळ्यांचा एकसारखाच येतो. वेगळं काय करता येईल?

तिथल्या कारभाऱ्यांच्या कचेरीतले हे दोन वळणदार जिने मायकाजा बर्नेट या शेकर बांधकाम्याचे, १८४० च्या आसपासचे. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे ते तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. तळाशी मधोमध उभं राहून वर बघत काढलेला फोटो काढाच, त्याशिवाय मन भरत नाही. मग एका जिन्याने वर जा आणि पलीकडच्या जिन्यावरून कुणी उतरत असेल त्याची वाट बघा. माणूस आला की उंची कळते, कठड्याची वळणं हाताच्या उंचीवर आहेत हेही कळतं. त्याच इमारतीत भोजनगृह आहे, त्यामुळे जेवणाच्या वेळा टाळा.

१०. तिथे सूत कातणारी, झाडू बांधणारी माणसं शेकर असतात का? त्यांचे फोटो काढू का?

संग्रहालयांत ती कर्मचारी किंवा स्वयंसेवक असतात, शेकर नव्हेत. विचारून काढा, बहुतेक आनंदाने हो म्हणतात आणि हात थांबवून दाखवतातही. फोटोखाली "शेकर महिला" लिहू नका, "हॅनकॉक येथे झाडू बांधण्याचं प्रात्यक्षिक" असं लिहा. चेहऱ्यापेक्षा हात घ्या.

११. मेनमधल्या सॅबथडे लेकला अजून शेकर राहतात ना? तिथले नियम वेगळे का?

हो, आणि तिथे जाताना ते कुणाचं तरी राहतं घर आहे हे मनात पक्कं ठेवा. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मार्गदर्शकाबरोबर ठरावीक इमारती बघता येतात. आत कुठे फोटो चालतो ते मार्गदर्शकाला आधी विचारा, नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका. रविवारच्या प्रार्थनेला बाहेरच्यांनाही बसू देतात. तिथे मोबाइल बंद करून खिशात. दिंडीत टाळकऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल धरल्यावर त्याचा सूर कसा तुटतो हे आपण पाहिलेलं आहे. इथे तर जमलेली मंडळीच थोडी. शेकर बंधू-भगिनी रस्त्यात भेटले तर नमस्कार करा, बोला. लांबच्या लेन्सने चोरून फोटो काढणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही.

१२. शेकरांना स्वतःला फोटो चालायचे का?

आधी नाही, नंतर हो. प्रश्न ८ मधल्याच नियमावलीत निवासाच्या खोल्यांत चित्रं टांगायला, काचेच्या चौकटीत ठेवायला बंदी होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरचे छायाचित्रकार गावांत येऊ लागले, शेकरांनी त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले, आणि पाहुण्यांना विकायला दुकानात ठेवलेसुद्धा. सॅबथडे लेकचे डेल्मर विल्सन तर लंबगोल डबे बनवणारे नामांकित कारागीर आणि स्वतः छायाचित्रकारही होते. त्यांच्या गावाचे जुने फोटो आज आपण बघू शकतो त्यात त्यांच्या कॅमेऱ्याचा मोठा हातभार आहे.

१३. साखरपुड्याचे किंवा लग्नाआधीचे फोटो तिथे काढता येतील का? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांचे?

घरच्यांचे फोटो तिकिटात आलेच. आईची जरीची साडी आणि पिवळी भिंत, फार छान दिसतं. बाबांना चालणं जड जात असेल तर बाग आणि गोठ्याचा परिसर निवडा, निवासघरांचे जिने उभे आहेत. व्यावसायिक छायाचित्रकार, कपडे बदलणं, दिव्यांचा सरंजाम असं असेल तर आधी लेखी परवानगी आणि बहुधा शुल्क लागतं. काही गावांत लग्नंही लागतात. बैठकघरात मात्र जोडप्याचे लाडिक फोटो टाळावेत असं मला मनापासून वाटतं. आजन्म ब्रह्मचर्य पाळलेल्या माणसांची ती प्रार्थनेची जागा. बाहेर सफरचंदाची झाडं आहेत, कुरणं आहेत.

१४. ड्रोन उडवता येईल का?

गृहीत धरा की नाही. जागा खासगी मालकीची आहे, तिथून उडवायला संस्थेची परवानगी हवी, आणि जनावरं बिथरतात. परवानगी मिळालीच तर हौशी उडवणाऱ्यालाही अमेरिकेत मोफत ऑनलाइन सुरक्षा परीक्षा द्यावी लागते आणि २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी करावी लागते.

१५. मी काढलेले फोटो दिवाळी अंकाला देता येतील का? जुने फोटो कुठून मिळतील?

इमारती इतक्या जुन्या आहेत की त्यांच्या रूपावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण तिकिटाबरोबर तुम्ही संस्थेच्या अटी मान्य करता, आणि छापण्यासाठी किंवा विकण्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते. एक ईमेल पाठवा. अपवाद असा, की काही गावांत आजच्या कलाकारांची प्रदर्शनं जुन्या खोल्यांतच मांडतात. ती कलाकृती तुमच्या फोटोत मुख्य विषय झाली तर हक्क त्या कलाकाराचा.

जुन्या फोटोंसाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचं संकेतस्थळ बघा. १९३३ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी पाहणीत अनेक शेकर गावांचे फोटो आणि मोजमापांसह नकाशे आहेत, बहुतेक मुक्त वापरासाठी. जाण्यापूर्वी ते चाळलेत तर आज नसलेली घरं कुठे होती तेही कळेल.

१६. शेकरांच्या दफनभूमीत फोटो काढावेत का? आम्हाला तर थडगीच दिसली नाहीत.

दिसणार नाहीत. कँटरबरी आणि सॅबथडे लेकला सगळ्यांसाठी मिळून एकच दगड आहे, त्यावर फक्त "शेकर्स" एवढंच. जिवंतपणी काही वेगळं बाळगलं नाही, तसंच तिथे. मी तो दगड भोवतीच्या मोकळ्या गवतासकट घेते, जवळून नाही, कारण ते सगळं गवत त्याचाच भाग आहे.

वेगळं बघायचं असेल तर मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड गावी जा (विद्यापीठ नव्हे, हे त्याच नावाचं दुसरं गाव). तिथे प्रत्येकाच्या नावाची बिडाची ओतीव पाटी दांडीवर उभी आहे, ओळींमागून ओळी. अक्षरं उठावाची आहेत. ऊन समोरून असलं तर फोटोत वाचता येत नाहीत, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर कडेने ऊन आलं की नाव आणि साल स्पष्ट उमटतं. पाट्यांना टेकू नका, गंजून ठिसूळ झालेल्या असू शकतात. त्या रस्त्यावरची जुनी शेकर घरं आता खासगी आहेत, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच.